बरनीची ‘फतावा-इ-जहांदारी’ व समतेच्या वचनाचा अर्थ

(१) ग्रंथ व पोथी

झियाउद्दीन बरनी हें नांव आपल्याकडील इतिहासाभ्यासकांस ‘तारीख-इ-फीरोजशाही’ या ग्रंथामुळें परिचित आहे. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरील स्वारी, महंमद तुघलखानें राजधानी हलविणें, दख्खनच्या अमीरांचें बंड, यांपैकीं कोणताहि विषय घेतला तरी बरनीवांचून पाऊल पुढें पडत नाहीं. याच ग्रंथकाराचा ‘फतावा-इ-जहांदारी’ हा दुसरा ग्रंथ मात्र आपल्याकडे फारसा वाचला जात नाहीं. राजनीतीचा ग्रंथ म्हणून त्याची चर्चा इतरत्र झाली आहे. प्रस्तुत परीक्षणांत आम्ही तो एका मर्यादित प्रश्नापुरता तपासणार आहों. सर्व मनुष्यें एकाच आईबापांपासून झालीं व ईश्वरापाशीं श्रेष्ठत्व ठरतें तें धर्मनिष्ठेनें, असें ज्या धर्माचें वचन, त्या धर्माच्या अनुयायांनीं आपापल्या समाजांत त्या वचनाचा अर्थ कसा लावला, हा तो प्रश्न होय.

प्रथम पोथीविषयीं. या ग्रंथाची आजपर्यंत ज्ञात असलेली प्रत एकच. ती लंडन येथील इंडिया ऑफिसच्या ग्रंथसंग्रहांत होती व त्या संग्रहाबरोबर आतां ब्रिटिश लायब्ररींत आहे. अलीगढचे प्रा. महंमद हबीब व अफसर सलीम खान यांनीं तिचें इंग्रजी भाषांतर विस्तृत विवेचनासह प्रसिद्ध केलें. मूळ फारसी पाठ १९७२ सालीं लाहोर येथें छापला गेला. प्रत एकच असल्यामुळें पाठभेद ताडून पाहण्याची सोय नाहीं. ‘तारीखे’ची गोष्ट वेगळी. तिच्या प्रती अनेक आहेत. सय्यद अहमद खान यांनीं संपादिलेली तिची आवृत्ति १८६२ सालीं कलकत्त्यास पूर्ण झाली. शिवाय तिचा एक आधींचा खर्डा ऑक्सफर्डच्या बोडलियन व रामपूरच्या रझा या ग्रंथालयांतील पोथ्यांवरून उपलब्ध आहे. एकट्या पोथीवर भिस्त ठेवण्याचा धोका टाळण्यासाठीं ‘फतावां’तील मताची छाया ‘तारीखें’त कोठें व कशी पडली आहे हें पाहूनच आम्हीं निष्कर्ष काढले आहेत.

ग्रंथाच्या नांवानें वाचकांनीं फसूं नये. हा मुफ्तींनीं दिलेल्या निर्णयांचा संग्रह नव्हे. गझनीचा सुलतान महमूद आपल्या पुत्रांस व पुढील मुसलमान राजांस उपदेश करीत आहे अशी कल्पना करून चोवीस उपदेशांत राज्यकारभाराचीं सूत्रें यांत सांगितलीं आहेत. महमूदाच्या तोंडीं घातलेल्या शब्दांस गझनीच्या इतिहासाचा आधार शोधणें व्यर्थ आहे. बोलणारा महमूद नसून बरनी आहे.

या ग्रंथाविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, इस्लामांत उच्चनीचभाव मुळींच नाहीं, सबब बरनी हा एक विक्षिप्त, वैफल्यग्रस्त म्हातारा असून त्याच्या लिखाणास मुसलमान समाजाच्या इतिहासांत किंमत नाहीं. दुसरें याच्या नेमकें उलट. तें असें कीं, बरनी हाच खरें बोलणारा, व समतेचें वचन हें केवळ दाखविण्यापुरतें. आमच्या मतें हीं दोन्ही मतें एकाच दोषानें दूषित आहेत. वचन व त्याचा अर्थ लावणारा मनुष्य यांमधील अंतर दोघेहि विसरतात.

(२) ग्रंथकाराची स्थिति

बरनीचा जन्म इ. स. १२८५ च्या सुमाराचा. बरन म्हणजे हल्लींचें बुलंदशहर. घराणें सरकारदरबारीं वजनदार होतें. बाप मुअय्यिद-उल्-मुल्क हा खिलजींच्या अमलांत बरनचा अधिकारी होता. चुलता अला-उल्-मुल्क हा दिल्लीचा कोतवाल. १२९६ सालीं अल्लाउद्दीन चुलत्यास न कळवितां देवगिरीवर चालून आला तेव्हां कडा येथें मागें कारभार पाहावयास ठेवलेला तो हाच. बरनी स्वतः महंमद तुघलखापाशीं सतरा वर्षांहून अधिक काळ नदीम, म्हणजे सहवासांतील विद्वान्, म्हणून होता. दख्खनच्या बंडवाल्यांकडून देवगिरी परत घेतल्याबद्दल दिल्लीहून अभिनंदनाचीं पत्रें घेऊन तो सुलतानाच्या छावणीस गेला होता, असें त्यानेंच नमूद केलें आहे. १३५१ सालीं महंमद वारला, फीरोज गादीवर आला व बरनीचें नशीब फिरलें. दरबार सुटला, वृत्ति गेली. १३५७ सालीं ‘तारीख’ पुरी केली तेव्हां तो चांद्रमानानें चौऱ्याहत्तर वर्षांचा, निर्धन व निराश्रित होता. ‘फतावा’हि याच उतरत्या काळांतील मानतात.

ही हकीकत देण्याचें कारण, जन्मानें मिळालेलें सर्व कांहीं ज्याच्या हातून गेलें, आणि ज्यानें आपल्या डोळ्यांदेखत न्हावी, माळी, गवई यांच्या मुलांस परगण्यांचे अधिकार मिळालेले पाहिले, त्या मनुष्याचें हें लिखाण आहे. पण एवढ्यावरून तें टाकाऊ ठरत नाहीं. दुःखानें मनुष्याचें मत तिखट होतें. मताचा पाया मात्र बहुधा त्याच्या वर्गांत सर्वत्र पसरलेला असतो.

(३) वचनाचा विपर्यास

कुराणाच्या एकोणपन्नासाव्या सुऱ्यांतील तेरावें वचन प्रसिद्ध आहे. त्याचा भावार्थ असा कीं, ईश्वरानें मनुष्यांस एका पुरुषापासून व एका स्त्रीपासून उत्पन्न केलें, त्यांच्या जाति व टोळ्या केल्या त्या एकमेकांची ओळख पटावी म्हणून, आणि त्याच्यापाशीं सर्वांत थोर तो जो सर्वांत धर्मभीरु. पैगंबराच्या अखेरच्या यात्रेंतील म्हणून जो उपदेश हदीसांच्या संग्रहांत येतो त्यांतहि अरबास अरबेतरावर धर्मनिष्ठेवांचून श्रेष्ठत्व नाहीं, असा आशय आहे.

बरनी हें वचन टाळीत नाहीं. तो तें पुढें करतो, आणि येथेंच त्याच्या ग्रंथाचें वैशिष्ट्य आहे. त्याच्या विवेचनाचा सारांश असा: सृष्टीच्या आरंभींच मनुष्यांचे गुणदोष वांटले गेले, थोर वृत्तीच्या मनांत लेखन, अश्वविद्या, राज्यकारभार यांची प्रेरणा झाली, हीन वृत्तीच्या मनांत विणणें, कातडें कमावणें, हजामत करणें यांची, हे गुण बापापासून मुलाकडे रक्तानेंच जातात, थोर तोच धर्मनिष्ठ असें वचन असल्यामुळें हीनकुलोत्पन्नाच्या ठिकाणीं धर्मनिष्ठा संभवतच नाहीं, आणि कोठें संभवल्यासारखी दिसली तर त्याच्या वंशांत मागें कोणी तरी कुलीन पुरुष होऊन गेला असला पाहिजे.

आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर येथें व्याप्ति उलटी केली आहे. जेथें धूर तेथें अग्नि, यावरून जेथें अग्नि तेथें धूर असें म्हणतां येत नाहीं. तापलेला लोखंडाचा गोळा हें त्याचें नेहमींचें उदाहरण. वचन म्हणतें कीं, धर्मनिष्ठा दिसली कीं थोरपणा मान्य करा. बरनी म्हणतो कीं, थोरपणा आधीं कुळावरून ठरवा व मग धर्मनिष्ठा कोठें असूं शकते तें सांगा. पुन्हां, विरुद्ध उदाहरण समोर आलें तर अज्ञात पूर्वज कल्पून तेंहि आपल्याच बाजूस ओढून घेण्याची त्यानें सोय केली आहे. ज्या सिद्धान्ताविरुद्ध कोणतेंच उदाहरण उभें राहूं शकत नाहीं तो सिद्धान्त अनुभवावरून काढलेला नसतो, हें येथें निराळें सांगावयास नको.

याहून मार्मिक विसंगति दुसरी आहे. बरनी राजास बजावतो कीं, दुकानदार व हलक्या कुळांतील लोक यांस नमाज, रोजा, जकात, हज यांचे नियम व धर्म शुद्ध राहण्यापुरतीं कांहीं प्रकरणें यांपलीकडे कांहीं शिकवूं देऊं नये. शिकविणाऱ्यास शिक्षा करावी. कारण हे लोक शिकले म्हणजे आमिल होतात, हिशेबनीस होतात, सुभेदार होतात व राज्यांत गोंधळ माजतो. आतां, हीनकुलोत्पन्नाच्या रक्तांतच योग्यता नसेल तर त्यास शिकवून तो सुभेदार कसा होईल? आणि तो होऊं शकत असेल तर रक्ताचा सिद्धान्त कोठें राहिला? जें निसर्गानेंच अशक्य केलें आहे त्यास राजाज्ञेची बंदी लागत नाहीं. बरनीनें सुचविलेली बंदी हाच त्याच्या तत्त्वाविरुद्ध त्याच्याच हातचा पुरावा आहे.

हा विचार बरनीस कोठून मिळाला? हिंदूंच्या वर्णव्यवस्थेकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. ती शेजारीं होती व तिचा परिणाम मुळींच झाला नसेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु बरनी आधार घेतो ते इराणच्या खुस्रोंचे. समाजाचे वर्ग पाडून प्रत्येकास आपल्या जागीं ठेवणें हा सासानी राजनीतीचा विचार अरबी व फारसी नीतिग्रंथांतून शतकानुशतकें चालत आला होता. नसीरुद्दीन तूसीच्या ‘अखलाक-इ-नासिरी’तील चार वर्ग प्रसिद्धच आहेत. या परंपरेचा व समतेच्या वचनाचा सांधा मुसलमान विद्वानांनीं कसकसा जुळविला याचें सविस्तर विवेचन लुईझ मार्लो यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत केलें आहे. बरनीचा प्रामाणिकपणा असा कीं, पैगंबराचा मार्ग व खुस्रोंचा मार्ग हे परस्परविरुद्ध आहेत हें तो स्वच्छ सांगतो, आणि राज्य चालवावयाचें तर दुसऱ्यावांचून गत्यंतर नाहीं असेंहि सांगतो. म्हणजे आपला उच्चनीचभाव धर्मांतून निघालेला नाहीं, राज्याच्या गरजेंतून निघाला आहे, ही कबुली त्याच्याच ग्रंथांत आहे. तेंच पुढें धर्मवचनानें सिद्ध करण्याचा प्रयत्न त्यानें केला, हा त्याचा दोष.

(४) ‘तारीखे’ची साक्ष

‘तारीखें’त हेंच मत ऐतिहासिक पुरुषांच्या तोंडीं घातलेलें आढळतें. सुलतान बल्बनापुढें अमरोह्याच्या जागेसाठीं कमाल महियार या इसमाचें नांव आलें, महियार हा हिंदु गुलाम असल्याचें कळतांच सुलतान संतापून उठला, ही कथा बरनीची. अल्तमशानें चौकशी करून तेहतीस हीनकुलोत्पन्न अधिकारी काढून टाकले, व त्या चौकशींत खुद्द वजीर निजाम-उल्-मुल्क जुनैदी याचा पूर्वज विणकर निघाला, हीहि बल्बनाच्या तोंडून सांगितलेली कथा त्याचीच. बल्बन वारला त्या सुमारास बरनी तान्हें मूल होता. तेव्हां हीं भाषणें शब्दशः खरीं मानणें शक्य नाहीं; ‘फतावां’तील महमूद व ‘तारीखें’तील बल्बन हे पुष्कळ अंशीं एकाच आवाजाचे धनी आहेत. मात्र या कथेंतील एक गोष्ट बरनीच्या लक्षांत आली नाहीं. विणकराचा नातू वजीर झाला होता, आणि चौकशी होईपर्यंत त्याच्या कामावरून तें कोणासहि ओळखतां आलें नव्हतें!

महाराष्ट्राशीं प्रत्यक्ष संबंध येतो तो अजीज खम्माराच्या प्रकरणांत. महंमद तुघलखानें हलक्या लोकांस चढविलें अशी तक्रार करतांना बरनी नांवांची यादीच देतो: अजीज खम्मार म्हणजे कलाल, नजबा गवई, फीरोज न्हावी, पीरा माळी वगैरे. पैकीं अजीजास माळव्याचा अधिकार मिळाला. त्यानें धार येथें ऐंशींहून अधिक सदा अमीर एकदम ठार मारले. त्या वार्तेनें गुजराथ व देवगिरी येथील सदा अमीर बिथरले, बंड झालें, व त्यांतूनच १३४७ सालीं बहमनी राज्य उभें राहिलें. बरनीच्या मतें याचें मूळ अजीजाच्या नीच जन्मांत आहे. पण त्याचाच मजकूर पुढेंमागें नीट वाचला तर काय दिसतें? अजीजास निरोप देतांना सर्व बंडांच्या मुळाशीं हे सदा अमीरच आहेत असें सुलतानानें त्यास बजाविलें होतें. आणि कत्तलीची बातमी आल्यावर त्यास शाबासकीचें पत्र व पोषाख पाठविला होता. म्हणजे धोरण सुलतानाचें, हात अजीजाचा. सुलतान तर कुलीन होता. जन्मानें आचरण ठरतें हा सिद्धान्त त्याच्याच पुराव्यानें येथें निरुत्तर होतो.

या बंडाचा शेवटहि मननीय आहे. दौलताबादेस गादीवर बसलेल्या हसनाविषयीं फिरिश्त्यानें दोन गोष्टी दिल्या आहेत. एक, तो दिल्लींत गंगू नांवाच्या ब्राह्मणाचा चाकर होता ही दंतकथा; दुसरी, इराणच्या इस्फंदियाराचा पुत्र बहमन याच्यापर्यंत पोंचणारी त्याची वंशावळ. ही वंशावळ भाटांनीं व खुषमस्कऱ्यांनीं रचली असें मत फिरिश्ता स्वतःच देतो. दंतकथेवर आमचाहि विश्वास नाहीं. पण क्रम लक्षांत घ्यावा: आधीं तरवार, मग राज्य, मग वंशावळ. बरनीच्या शास्त्रांत वंश कारण व अधिकार कार्य. दख्खनच्या इतिहासांत अधिकार कारण व वंश कार्य.

(५) फकिहांचा मार्ग

बरनीचें मत एकट्याचें होतें काय, हें पाहण्यास धर्मशास्त्रकारांकडे वळलें पाहिजे. हनफी पंथाच्या ग्रंथांत विवाहप्रकरणीं ‘कफाअत’ म्हणजे वधूवरांची बरोबरी असा विषय येतो. बाराव्या शतकांतील मर्गीनानीचा ‘हिदाया’ हा यांतील हिंदुस्थानांत सर्वांत प्रचलित ग्रंथ. वंश, इस्लामांतील पिढ्या, स्वातंत्र्य, धर्माचरण, संपत्ति व धंदा या बाबतींत वर वधूपेक्षां कमी नसावा, नसल्यास वधूच्या पालकांस हरकत घेतां येते, असा त्याचा आशय. वराकडून मात्र अशी हरकत नाहीं. त्यानें आपल्याहून खालच्या घरची मुलगी केली तर चालते. हा नियम पुरुष व स्त्री यांस सारखा नाहीं हें उघड आहे.

परंतु मूळ ग्रंथ वाचतां तीन गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली, वंशाचा विचार मुख्यतः अरबांपुरता आहे. अरबेतरांचा अभिमान वंशाचा नसून इस्लामाचा, असें तेथें मानलें आहे. दुसरी, ज्याचा बाप व आजा मुसलमान होते तो पिढीजाद मुसलमानाच्या बरोबरीचा. याहून मागें जाण्याचें कारण नाहीं. म्हणजे इस्लाम स्वीकारणाऱ्याचा नातू या बाबतींत कोणाहि कुलीनाच्या तोलाचा होतो. तिसरी, धंद्याविषयीं एकवाक्यता नाहीं. अबू यूसुफाच्या मतें विणकर, तुंबडी लावणारा, चांभार असे अगदीं हलके धंदे वगळतां धंदा पाहूं नये. अबू हनीफाचें एक मत तर असें दिलें आहे कीं, धंदा हा मनुष्यास चिकटलेला नसतो, आज हलका करणारा उद्यां चांगला करूं शकतो. हें वाक्य व बरनीचा रक्ताचा सिद्धान्त शेजारीं ठेवून पाहावे. अबू हनीफा स्वतः रेशमी कापडाचा व्यापारी व अरबेतर वंशाचा होता, हेंहि विसरूं नये.

शिवाय कफाअत हें तत्त्वच सर्वांस मान्य नव्हतें. मालिकाच्या मतें बरोबरी पाहावयाची ती धर्मनिष्ठेची. सुफ्यान सौरी व हनफींपैकींच करखी यांनीं विवाहांत अशी बरोबरी आवश्यक मानली नाहीं. त्यांच्या बाजूस पैगंबराच्या घरचेंच उदाहरण होतें: त्यानें आपली आतेबहीण झैनब हिचा विवाह मुक्त केलेला गुलाम झैद याच्याशीं लावून दिला होता. औरंगजेबाच्या आज्ञेनें बुऱ्हाणपूरच्या शेख निजामाच्या देखरेखीखालीं तयार झालेल्या ‘फतावा-इ-आलमगिरी’ंत हनफी परंपरेंतील निरनिराळीं मतें एकत्र आलीं. विद्येचा मान वंशाहून मोठा कीं नाहीं याविषयीं हनफी ग्रंथांत दोन्ही बाजूंचीं मतें सांपडतात. फकिहांनीं वचनाचा विपर्यास केला नाहीं. त्यांनीं त्यास मर्यादा घातली. ईश्वरापाशीं सर्व सारखे, पण लग्नांत लोकांच्या चालीरीतीकडे पाहावें, असा हा तोडगा होता. त्यांतील घातकपणा इतकाच कीं, ज्या चालीरीतीस शास्त्रकारानें केवळ सवलत दिली तिला पुढील पिढ्यांनीं शास्त्र मानलें. हिंदुस्थानांत तर नातवापाशीं थांबणारा नियम दहाव्या पिढीपर्यंत लांबला, व अरबेतरांचा वंश पाहूं नये असें म्हणणाऱ्या ग्रंथाच्या आधारें सय्यद, शेख, मोगल, पठाण अशी उतरंड रचली गेली.

(६) खानकाहाचें द्वार

बरनीविरुद्ध सर्वांत बलवान् साक्षीदार बरनीच आहे. तो शेख निजामुद्दीन औलियाचा शिष्य. शेखानें शिष्यत्वाचें द्वार सर्वांस मोकळें ठेवलें होतें, व श्रीमंत आणि दरिद्री, शिकलेले आणि अडाणी, स्वतंत्र आणि गुलाम असे सर्व प्रकारचे लोक त्याच्या उपदेशानें नमाजास व सदाचरणास लागले होते, असें मोठें भावपूर्ण वर्णन ‘तारीखें’त आहे. हीनकुलोत्पन्नाच्या ठिकाणीं धर्मनिष्ठा संभवत नाहीं असें लिहिणाऱ्या हातानेंच हें लिहिलें आहे! आमच्या समजुतीप्रमाणें बरनीनें जगाचे दोन भाग केले होते: खानकाह व दरबार. पहिल्यांत त्यास समता पाहावयास आवडे, दुसऱ्यांत ती असह्य होई.

शेखाचीं संभाषणें १३०८ ते १३२२ या काळांत टिपून ठेवणारा अमीर हसन सिज्जी हा बरनीचा मित्र. तो पुढें दख्खनेंत आला व त्याची कबर खुलदाबादेस आहे. त्याच शेखाचा शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब याच्यामुळें चिश्ती परंपरा खुलदाबादेस रुजली. म्हणजे दिल्लीच्या दोन्ही परंपरा, बरनीच्या वर्गाची व खानकाहाची, एकाच पिढींत दौलताबादच्या पायथ्याशीं येऊन पोंचल्या. खानकाहाची समताहि निर्भेळ राहिली नाहीं. पुढें दर्ग्यांची गादी वंशपरंपरेनें चालूं लागली, इनामें कुळांत राहिलीं, व त्यांच्या रक्षणासाठीं वंशावळी जपाव्या लागल्या. पण द्वारापाशीं जात विचारावयाची नाहीं हा संस्कार मात्र लोकांच्या मनांतून गेला नाहीं.

(७) विणकरांचें वाचन

आतांपर्यंतचे सर्व अर्थ वरून खालीं पाहणारांचे झाले. ज्यांच्याविषयीं हा सगळा ग्रंथविस्तार, त्यांनीं वचन कसें वाचलें? जुन्या काळाचा लेखी पुरावा येथें तुटपुंजा आहे. विसाव्या शतकांत तो विपुल होतो. १९०१ च्या बंगालच्या खानेसुमारीच्या अहवालांत मुसलमानांतील अशराफ, अजलाफ व अरजल या थरांची नोंद झाली, डॉ. आंबेडकरांनीं पाकिस्तानवरील आपल्या ग्रंथांत ती उद्धृत केल्यामुळें आपल्याकडे ती परिचित आहे. त्याच काळांत विणकरांनीं ‘मोमीन’ व ‘अन्सारी’, खाटकांनीं ‘कुरेशी’, पिंजाऱ्यांनीं ‘मन्सूरी’, न्हाव्यांनीं ‘सलमानी’, शिंप्यांनीं ‘इद्रीसी’ हीं नांवें घेतलीं. १८५७ नंतर उत्तरेंतून मालेगांव व भिवंडी येथें येऊन स्थायिक झालेल्या विणकरांमुळें यांपैकीं पहिलीं दोन नांवें महाराष्ट्रांत घरोघरीं झालीं.

या नामांतराकडे संशोधकानें सहानुभूतीनें पण डोळे उघडे ठेवून पाहिलें पाहिजे. ‘मोमीन’ म्हणजे श्रद्धावान्. हें नांव घेणें म्हणजे वचनाचा सरळ अर्थ उच्चारणें होय, कारण त्यांत वंशाचा दावा नाहीं. ‘अन्सारी’ म्हणजे मदीनेंत पैगंबरास साह्य करणाऱ्यांचे वंशज, व ‘कुरेशी’ म्हणजे खुद्द पैगंबराचें कूळ. यांत मान मिळविण्याचा मार्ग वंशाचाच धरला आहे. बरनीचा निष्कर्ष या लोकांनीं नाकारला, पण थोरपण कुळांतून येतें हें त्याचें गृहीत कांहीं अंशीं स्वीकारलें. ज्यास पिढ्यान् पिढ्या कुळावरून हिणविलें त्यानें कुळाचीच ढाल हातीं घ्यावी हें स्वाभाविक आहे. पण ती ढाल शत्रूच्या कोठारांतील आहे.

या गृहीतासच हात घालणारेहि निघाले. विणकरांचें गांव म्हणून प्रसिद्ध असलेल्या मऊ येथील मौलाना हबीबुर्रहमान आझमी (१९०१–१९९२) यांचें नांव हस्तलिखितांच्या अभ्यासकांस विशेष आदरणीय वाटावें. अब्दुर्रज्जाकाचा ‘मुसन्नफ’ हा हदीसांचा प्राचीन संग्रह हस्तलिखितांवरून संपादून त्यांनीं अकरा खंडांत उजेडांत आणला. त्याच विद्वानानें वंश व कफाअत यांच्या शास्त्रीय योग्यतेवर उर्दूंत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बरनी ज्यांस चार प्रकरणांपलीकडे शिकवूं नका म्हणाला होता, त्यांच्या गांवचा पंडित हदीसांच्या पोथ्या शोधून त्यांचे पाठ शुद्ध करीत होता. अलीकडे अली अन्वर यांचा बिहारच्या मागास मुसलमानांवरील ‘मसावात की जंग’ हा ग्रंथ २००१ सालीं निघाला. मसावात म्हणजे समता. शीर्षकावरूनच दिसतें कीं, वचन मान्य असलेल्या समाजांतहि समता झगडून मिळवावी लागते, ही जाणीव आतां उघडपणें बोलली जात आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानेंहि अशराफ, अजलाफ, अरजल या थरांचा विचार केला आहे.

(८) निष्कर्ष

आरंभीं सांगितलेल्या दोन मतांचा निकाल आतां लावतां येईल. बरनी विक्षिप्त नव्हता. त्याच्या वर्गाची समजूत त्यानें अधिक उघडेपणानें व अधिक कठोरपणें मांडली. त्याचबरोबर तो इस्लामाचा वक्ताहि नव्हता. फकीह त्याच्याहून सौम्य, सूफी त्याच्याहून उदार, आणि विणकर त्याच्या विरुद्ध होते, व हे सगळे त्याच एका वचनाचे वाचक होते. वचन अमान्य कोणीच केलें नाहीं. वाद होता तो त्याच्या क्षेत्राविषयीं: तें परलोकापुरतें, मशिदीपुरतें, खानकाहापुरतें, कीं लग्नाच्या मांडवांत व दिवाणाच्या कचेरींतहि? प्रत्येक काळांत ही सीमारेषा कोणी, कोठें व कोणाच्या सोयीनें ओढली, हें दाखविणें हें इतिहासकाराचें काम आहे. हिंदु धर्मग्रंथांतील समतेच्या वचनांस व आपल्याकडील संतांच्या उपदेशासहि हाच प्रश्न विचारतां येतो, व विचारला पाहिजे. दुसऱ्याच्या पोथीस लावलेली कसोटी स्वतःच्या पोथीस न लावणें हें संशोधन नव्हे.

शेवटीं संग्राहकांस एक सूचना. आपल्या दप्तरखान्यांत मुसलमान घराण्यांचे जे कागद येतात ते बहुधा काझी, खतीब, इनामदार व मुजावर यांच्याकडील असतात. त्यांत नसबनामे म्हणजे वंशावळी पुष्कळ. असा नसबनामा हातीं आल्यावर त्यांतील पूर्वजांची सत्यता तपासण्याआधीं तो केव्हां, कोणत्या तंट्यासाठीं व कोणापुढें हजर करण्यासाठीं लिहिला गेला तें नोंदवावें. तो पूर्वजांविषयीं जेवढें सांगतो त्याहून अधिक लिहविणाऱ्याविषयीं सांगतो. आणि त्याबरोबरच काझींच्या निकाहाच्या वह्या, विणकरांच्या व बागवानांच्या जमातींचे ठराव, पंचांचे निवाडे यांचाहि शोध करावा. मेहेरची रक्कम, वराचा धंदा, हरकत घेणाऱ्या पालकाचें नांव, इतक्या नोंदींवरूनहि कफाअतीचा नियम प्रत्यक्षांत किती पाळला गेला व किती मोडला गेला हें ठरविण्यास साधन मिळेल. हे कागद दिसावयास क्षुद्र असतात, त्यांवर शिक्केमोर्तब क्वचितच असतें, व म्हणून ते रद्दींत जातात. बरनीच्या ग्रंथाची एक प्रत तरी उरली. ज्यांच्याविषयीं त्यानें लिहिलें त्यांचे कागद जपणें आतां आपल्या हातीं आहे.